मागे दिलेला चेंडू

मंडळी, एक सांगा मला! ज्या जागी चारचौघांत आपली फजिती झाली, त्याच जागी माणसानं पुन्हा उभं राहावं का? — बोला की! सगळे खाली बघायला लागले! म्हणजे प्रत्येकाची अशी एकेक जागा आहे तर!

ऐका! दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे नावाचा देश. तिथला एलाद्यो. आता खेळ सोडलाय, गुडघे चोळत बसतो. पण एकेकाळी देशाच्या फुटबॉल संघाचा बचावपटू! गोल करणाऱ्याच्या गळ्यात हार — आणि ह्याच्या नशिबी? लाथा! घरातल्या सुनेसारखं हो! रोजच्या जेवणाचं कौतुक नाही, एक दिवस मीठ जास्त पडलं की बोंबाबोंब!

त्याच्या मागे गोलरक्षक सिरिलो. जुनी जोडी. अडचण आली की एलाद्यो न बघता चेंडू मागे द्यायचा. सिरिलो तिथं असायचाच!

आणि विश्वचषकात जागा मिळवायचे सामने आले. त्यातला शेवटून दुसरा. एलाद्योनं सवयीनं चेंडू मागे दिला — न बघता! सिरिलो नेमका पुढे आलेला! चेंडू गडगडत गेला तो आपल्याच जाळ्यात! हरले! अख्खा देश शिव्या घालायला लागला. शेजारी तोंड फिरवून जायला लागले.

आता एकच सामना उरला. हरले तर विश्वचषक गेला, बरोबरी झाली तरी चालेल. एलाद्यो संघाच्या खोलीत आला तो अंगातली जर्सी परत द्यायला! तिथं सिरिलो 'तेरेरे' वाटत होता. चहासारख्या पानांवर गार पाणी ओतायचं, पेला एक, नळी एक, सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचं. उष्टं-बिष्टं काही नाही! पहिला पेला मात्र त्यांच्या संताचा. आपला नैवेद्यच की हो!

संताचा झाला. दुसरा पेला सिरिलोनं एलाद्योपुढे धरला.

"मला नको रे. माझ्यापायी तूही शिव्या खाल्ल्यास."

"पी गुमान! पुढे मीही आलो होतो. आज चेंडू मागेच दे. फक्त मान वर करून बघ, मी कुठं आहे!"

मंडळी, विश्वास ठेवावा — पण डोळे उघडे ठेवून!

एलाद्यो प्यायला. मैदानात उतरला. सामना संपत आलेला, बरोबरी! चेंडू ह्याच्या पायाशी, दोघं अंगावर धावून आलेले! लोक ओरडतायत — "बाहेर मार! बाहेर!" त्यानं मान वर केली. सिरिलोला बघितलं. आणि चेंडू दिला — मागेच! लोकांनी डोक्याला हात लावले! सिरिलोनं तो पायानं अलगद अडवला आणि लांब टोलावला. शिट्टी वाजली! देश विश्वचषकात!

पुढे एलाद्यो कितीतरी वर्षं खेळला. निवृत्त होताना लोकांनी विचारलं, "सगळ्यात मोठा पराक्रम कोणता?" म्हणाला, "तो मागे दिलेला चेंडू."

आता तुमची पाळी! भिवाअण्णा, खांबाआड काय लपताय? सप्ताहात सगळ्या गावासमोर ताल चुकला, तेव्हापासून पखवाजाला हात नाही! हा पखवाज इथं ठेवलाय. या पुढे! चुकलात तर मीही तुमच्याबरोबर चुकेन — पण तुमची थाप पडल्याशिवाय आज ह्या देवळात विठ्ठलाचा गजर होणार नाही!