खिडकीतून टाकलेला टॉवेल

परदेशात सगळं शिस्तीत चालतं, हे ज्यानं कुणी माझ्या डोक्यात भरवलं, त्याच्यामुळंच आमची पिशवी गेली.

मी जर्मनीत शिकत होतो. उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, बदनापूरहून आले होते. स्टेशनात गाडी लागली आणि अण्णांनी जाफराबादच्या एसटीत टाकावा तसा उघड्या खिडकीतून सीटवर टॉवेल टाकला. त्यावर पिशवीही ठेवली. पिशवीत पासपोर्ट, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान!

मी तिथंच भाषण सुरू केलं. "अण्णा, इथं अशी जागा धरत न्हाईत. लोक काय म्हणतील?"

"ते मंग सांग. आधी जल्दी चढ!"

माझं संपेपर्यंत दारं लागली आणि गाडी गेली.

मागून आलेल्या गाडीनं आम्ही शेवटचं स्टेशन गाठलं, तर बाकावर एक म्हातारी आमची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी जर्मनमध्ये माफी मागू लागलो.

"माफी कशाला?" टॉवेलची घडी अण्णांच्या हातात देत ती म्हणाली. "त्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. आम्हीसुद्धा समुद्रकाठी टॉवेल टाकूनच जागा धरतो."