दोनच कप्पे वाढवायचे होते

हसू नका, हसू नका! तुम्हाला वाटेल या टाउनोला रडायला काही कारणच लागत नाही, पण तुम्हीच सांगा, माणसानं एकच गोष्ट किती वेळा पाठवायची? सतरा वेळा! आणि काम काय, तर दोनच कप्पे वाढवायचे होते हो... दोनच!

थांबा, सांगतो. संगणकाचा प्रोसेसर असतो ना, तो बिचारा खाली मान घालून आपलं काम करत असतो, आमच्या फिनलंडातल्या ताम्पेरेच्या माणसासारखा, कोणाशी बोलणं नाही की चालणं नाही, आणि मध्येच त्याला हाक येते. कोणी कळ दाबली, कोणी तार उपटली, कोणा शहाण्यानं शून्यानं भागलं! मग तो काय करतो? हातातलं सगळं एका डब्यात काढून ठेवतो, हाक कसली ते बघून येतो, आणि डब्यातलं उचलून सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू. ही सोय मला नाही बरं का! मला बायकोनं, म्हणजे तेर्हीनं, कचरा टाकायला पाठवलं की परत येईपर्यंत मी काय करत होतो हेसुद्धा आठवत नाही... तर ते असो. नवे प्रोसेसर नुसती हाक सांगून थांबत नाहीत, कोणी मारली, का मारली, सगळ्या चहाड्या करतात. त्या ठेवायला आमच्या कर्नलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, डब्यात जागा नाही. म्हटलं, वाढवू. दोनच कप्पे!

टाकला पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, सगळ्या प्रोग्रामरांच्या मेलिंग लिस्टवर. तिथं सगळं भर चौकात चालतं, अख्खं जग बघत असतं. त्या भागाचा मेंटेनर, म्हणजे राखणदार, म्युनिकचा गॉटफ्रीड. तो हो म्हणाल्याशिवाय तिथं पान हलत नाही. पण त्याच्याआधी उगवला लिस्टवरचाच एक, टेक्सासचा ड्वेन. "दोस्ता, कप्पे एकदम झकास! नाव तेवढं नाही आवडलं बघ." बदललं नाव. मग गॉटफ्रीड, त्याच्या त्या इस्त्री केलेल्या आवाजात, हो, मेलमध्येसुद्धा आवाज ऐकू येतो त्याचा: "टाउनो, आधीचं नाव बरं होतं. का बदललंत?"

का बदललं? का बदललं म्हणे!

बरं, नाव मिटलं, तर वेगळीच भानगड. कर्नलमध्ये काही जुनी मंडळी अशी आहेत की डबा अमुक ठिकाणीच संपणार असं धरून अंधारात हात घालतात. डबा लांबला, हात भलतीकडेच! मशीन आडवं! कोणी लिहिलं हे? ज्यानं लिहिलं तो आता म्हणे बकऱ्या पाळतो. मग कोणी निस्तरायचं? गॉटफ्रीड म्हणतो, "तुम्ही तिथं पोचलाच आहात, तर शेजारचंही साफ करून टाका." पोचलो? मला ढकललं तिथं! दोनच कप्पे हो... आणि त्यांच्यापायी मी सगळं घर उपसत बसलो.

आणि इकडे आमचं घर! युहान्नुसला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सणाला, सगळं फिनलंड तळ्याकाठी असतं, शेकोटी, सॉनाच्या खोलीत वाफ घेणं, पाण्यात उड्या. आम्हीही होतो. मी धक्क्यावर, मांडीवर लॅपटॉप. साइमी पाण्यातून ओरडतेय, "बाबा, ये ना!" मी म्हटलं, "आलोच, एवढं पाठवतो." वर बघितलं तर पोरगी अंग पुसून, सॉसेज खाऊन झोपूनसुद्धा गेलेली! त्या दिवसांत उजेड मावळतच नाही हो, मला कळणार कसं? दोन उन्हाळे हेच. दुसऱ्या वर्षी तर तिनं हाक मारायचीही सोडली. ते लागलं मला. फार लागलं.

यंदा तेर्ही म्हणाली, "टाउनो, ती पेटी तिथं आणलीस तर ती तळ्यात, आणि मागोमाग तू."

आणि निघायच्या दिवशीच, विश्वास ठेवा, गॉटफ्रीडचं पत्र! "घेतला. धन्यवाद." सतराव्या खेपेला! मी लॅपटॉप घरीच ठेवला, फोन आपणहून तेर्हीच्या हातात दिला, तिनं तो सरपणाच्या पेटीत टाकून वर लाकडं रचली. मग काय सांगू... होडी वल्हवली, नवे बटाटे आणि हेरिंग मासे हाणले, साइमीचा हात धरून उडी मारली, थंडीनं दोघं किंचाळलो. इतका सुखी होतो की मला भीतीच वाटायला लागली!

सोमवारी घरी आल्यावर फोन उघडला. मी निघाल्यावर तासाभरानं गॉटफ्रीडनं लिहिलेलं: "हा डबा आता टाउनोइतका कोणालाच कळत नाही. यापुढे त्याचे राखणदार टाउनो. रविवारपर्यंत हरकत नसल्यास नोंदवतो." खाली ड्वेन: "झकास!" आणि रविवारी: "टाउनोंची हरकत दिसत नाही. नोंदवलं."

म्हणजे जन्मभर! जगात कुठंही, कोणालाही त्या डब्याला हात लावायचा असेल तर पत्र मला! पहिलं आलंसुद्धा: "पुढच्या प्रोसेसरसाठी एकच कप्पा वाढवायचाय, किरकोळ काम आहे." किरकोळ!

मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडलो, "तेर्ही, माणूस गप्प राहिला म्हणजे हो म्हणाला, असं कुठं असतं का?"

ती कॉफी ओतत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "असतं की. होडीत मी विचारलं होतं, लग्न करायचं का. काय बोलला होतास?"

"...काहीच नाही."

"मग?"

मी खुर्ची ओढून धपकन बसलो.

"बरं, पुढच्या युहान्नुसला माझी आई येतेय तळ्यावर. महिनाभर. तुझी हरकत नाही ना?"

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं गप्प बसायची सवय हो, शब्द शोधायलाच वेळ लागतो मला... तोवर तिनं कप माझ्यापुढे सरकवला.

"नोंदवलं," म्हणाली.