ट्यूब काढताना

(दुपार. स्वयंपाकघर. मुलगी शिडीवर, छताला हात पोचेल अशी उभी; खाली शिडी धरून तिचे वडील. दोघांचाही धंदा एकच, वायरमनचा. वडील निवृत्त झालेत.)

वडील : आधी मेन बंद कर म्हणतो ना!

मुलगी : बाबा, मेन बंद केलं तर बाहेरच्या खोलीतला दिवाही जाईल आणि इथे अंधार होईल. खिडकी कुठाय या खोलीला? बटण बंद केलंय, पुरे झालं.

वडील : मग राहू दे ती ट्यूब. बाकी सगळ्या घरात लाव तुझे ते एलईडी.

मुलगी : सकाळपासून तीन खोल्या झाल्या, एक शब्द बोलला नाहीत. इथे आलो आणि तुमचं सुरू झालं. ही पट्टी बघा, गंजून पापड झालाय. लावली की चोक गुणगुणतो. काय जीव अडकलाय तुमचा हिच्यात?

वडील : उतर खाली. मी लावतो.

मुलगी : गुडघे धड नाहीत आणि म्हणे मी लावतो! तो टेस्टर द्या वर.

वडील : टेस्टर कशाला? बटण बंद आहे म्हणालीस ना?

मुलगी : टेस्टर लावल्याशिवाय वायरीला बोट लावायचं नाही, हे कोणी शिकवलं मला? द्या. ...अरेच्चा.

वडील : काय झालं?

मुलगी : पेटला.

वडील : खराब असेल तो. जुना आहे.

मुलगी : माझ्या खिशात नवा आहे. थांबा. ...हाही पेटला. बटण बंद आहे आणि वायरीत करंट आहे. बाबा, फेज सरळ वर आलीय. बटण न्यूट्रलवर बसवलंय! कुठल्या गाढवानं केलं हे? पहिल्या आठवड्यातला शिकाऊसुद्धा असं करत नाही.

वडील : हळू बोल.

मुलगी : का हळू? मी हात घातला असता म्हणजे? ...बाबा. या घराचं वायरिंग तर तुम्ही केलंय.

वडील : हळू बोल म्हणतो ना तुला!

आई : (बाहेरून दारात येत) काय झालं गं? कोणाला गाढव म्हणतेयस?

वडील : काही नाही. तू बाहेर बस.

आई : तिला विचारलं मी.

मुलगी : आई, या ट्यूबचं बटण बंद केलं की ट्यूब विझते. पण करंट वरच राहतो. हात लागला की झटका.

आई : बटण बंद असलं तरी?

मुलगी : बंद असलं तरी.

आई : ओल्या फडक्याने पुसलं तर?

मुलगी : मग तर विचारूच नकोस. ...आई? आई, खुर्चीवर बस तू.

आई : मला काही झालेलं नाही. यांना विचार, यांना कधी कळलं.

वडील : अगं, त्या दिवशी लाल वायर संपली होती. दुकान बंद. दोन्हीकडे काळीच ओढली, आणि बोर्डात जोडताना...

आई : कधी कळलं?

वडील : ही ट्यूब पुसताना तू पडलीस त्याच दिवशी. तुला दवाखान्यात ठेवून कपडे न्यायला घरी आलो. तेव्हा टेस्टर लावून पाहिला.

मुलगी : बारा वर्षं झाली, बाबा!

वडील : माहितीय.

मुलगी : दहा मिनिटांचं काम होतं! बोर्ड उघडायचा, दोन वायरी बदलायच्या!

वडील : बोर्ड उघडला असता तर हिने विचारलं असतं, काय करताय म्हणून. काय सांगणार होतो? गावभर माझ्या हाताला चूक नाही म्हणून मिरवायचो. म्हणून मग कोणाला हातच लावू दिला नाही त्या ट्यूबला. मेन बंद करून मीच पुसायचो.

आई : आणि मला वाटायचं, माझी काळजी म्हणून पुसताय.

वडील : तीही होती गं.

आई : ही दोन बोटं वळत नाहीत, ते मी केव्हाच सोडून दिलं. शिलाई मशीन विकली, तेही सोडलं. पण तुम्ही म्हणालात, बटण बंद न करता चढली. मी म्हणत होते, केलं होतं बंद. सगळे तुमचंच खरं धरून बसले. वायरमन तुम्ही! मग मलाही वाटायला लागलं, नसेलच केलं मी. कितीदा तरी तो दिवस आठवून बघितला. हात बटणाकडे गेला होता की नाही. वेड लागायची पाळी आली होती माझ्यावर.

वडील : चुकलो मी.

आई : हं.

वडील : खरंच चुकलो. तू केलं होतंस बंद. तुझी काही चूक नव्हती.

मुलगी : मेन बंद करते मी. बॅटरी धरा कोणीतरी. आधी बोर्ड सरळ करू, मग नवा दिवा.

आई : तू कर तुझं. अहो, फोन घ्या आणि माझ्या बहिणीला लावा.

वडील : तिला कशाला आता?

आई : दवाखान्यात तिच्यादेखत म्हणाला होतात, हिला कवडीची अक्कल नाही. अजून घरी आली की मला गॅस बंद केलास का विचारते.

वडील : बरं. लावतो. ...पण सांगू काय तिला?

आई : आत्ता मला सांगितलंत तेच. फक्त जरा मोठ्याने सांगा, तिला कमी ऐकू येतं.