जुन्या दोन काचा

“‘ऊन चढायच्या आत काचा पूस, तापल्यावर पाणी घालू नकोस,’ एवढंच तर सांगून गेले तुझे बाबा.”

सोलरच्या दुकानात गावातल्या एक शिंपीणबाई बाकावर नंबराची वाट बघत हे बोलणं ऐकत होत्या. काउंटरपाशी एक आजी आणि त्यांचा मुलगा, पलीकडे दुकानदार.

“आई, एसीला सहा नवी पॅनेल लागतील. छपरावर तेवढीच जागा आहे.”

“आणि जुनी दोन?”

“ती नव्यांशी जुळत नाहीत, आजी. उतरवावी लागतील.”

“जुळायला काय लग्न ठरवायचंय? विजेचे खांब आमच्यापर्यंत आलेच नाहीत. बावीस वर्षं त्या दोन काचांवरच दिवा लागलाय. याचा सगळा अभ्यास त्या उजेडात झाला.”

“बाबा म्हणायचे, पंखा लाव नाहीतर रेडिओ. दोन्ही मिळायचं नाही.”

“आणि तू रेडिओ लावून पुठ्ठ्याने वारा घ्यायचास.”

“छकुलीला घामोळं येतं, म्हणून तर एसी.”

“एसी बसवच. नात उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला हवी. पण ती दोन चालतील तोवर पुसेन, असा शब्द दिलाय मी तुझ्या बाबांना.”

“न्हाणीघराच्या छपरावर लावू का, आजी? जुनी बॅटरी वेगळी ठेवू. एक दिवा आणि रेडिओ आरामात चालेल.”

“ते छप्पर बुटकं आहे. स्टुलावर उभं राहिलं की हात पोचतो. लावा.”

“झालं तर मग. आई, बस, चहा सांगतो.”

“तू पी. आज तुझ्या घाईत काचा तशाच राहिल्यात.”

आजींनी दारातून उन्हाकडे बघितलं, चपला घातल्या आणि भरभर चालू लागल्या.