खाडीकडचं चाक

माजा जन्म खाडीच्या ह्या बाजूचा. रत्नागिरीतून एष्टीने अर्धा तास, वरती कातळ, खाली खाडी, मधे आमची वाडी. बापूस चिऱ्याच्या खाणीवर, आयस लोकांच्या लावणीला, आमी चार भावंडं, त्यातला मी मधला, दत्ताराम. सातवी झाली तशी मामाने मुंबईला नेलान, कुर्ल्याच्या एका गॅरेजात घातलान, आणि तिथं बारा वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली काढली. शिकलो, चांगलं शिकलो, दत्ताचा हात लागला की गाडी सुधारते असं आमचा उस्ताद चारचौघांत बोलायचा, आणि काय सांगू तुमाला, ते आयकून आयकून माज्या डोक्यात हवा गेली ती गेलीच. रागीट तर मी आईच्या पोटातून. कोणी माजं आयकलं नाय की मी भांडत नाय, गप्प होतो आणि हातातलं काम टाकतो. बायको बोलते, तुमी शिव्या द्या पण गप्प बसू नका, तुमच्या गप्प बसण्याची भीती वाटते. बरोबर बोलते ती.

आयस आजारी पडली म्हणून गावी आलो तो परत गेलोच नाय. नाक्यावर चार पत्रे ठोकले, गॅरेज टाकलं. आमच्या वाडीच्या खाली खाडीला लागून मुसलमानांचा मोहल्ला हाय, तिथले पुरुष सगळे बाहेर, कोण कुवेतला, कोण दुबईला, कोण बोटीवर. पैसा आला तशी घरं बांधलानी, घरासमोर गाड्या आल्या, पण गाडी चालवणार कोण? मालक वर्षाला एक महिना येणार, बाकी अकरा महिने गाडी शेडीत, वर कापड. मंग चावी माज्याकडे. गॅरेजात खिळ्यांवर सात चाव्या टांगलेल्या असायच्या. दर शुक्रवारी मी खाली जायचो, शेड उघडायची, इंजिन चालू करायचं, दहा-पंधरा मिनटं चालू द्यायचं, बंद करायचं, कापड परत वर. बायका पडवीतून आयकायच्या, आवाज आला की त्यांना बरं वाटायचं. इंजिन चालतंय म्हणजे गाडी जिवंत हाय असं त्या समजायच्या, आणि खोटं कशाला बोलू, एवढी वर्षं काम करून मी पण तेच समजायचो. गाडी जागची हलवायचो नाय.

त्यातली एक रशीदभायची. रशीदभाय माज्याच वयाचा, लहानपणी खाडीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला आमी बरोबर, पुढं तो कुवेतला गेला. अठ्ठ्याण्णव साली त्याने पांढरी गाडी घेतलीन, आणि पयल्या दिवशी चावी माज्या हातात ठेवलीन, बोलला, दत्ता, गाडी तुजी, मी पाव्हणा. त्याची आई, तिला आख्खा गाव माँ बोलायचा, आमी हिंदूसुद्धा माँच बोलायचो. डोळ्यांत मोतीबिंदू झालेले, माणूस आवाजावरनं वळखायची. मी इंजिन चालू केलं की काठी टेकत शेडीत यायची, बॉनेटवर हात ठेवायची आणि विचारायची, काय रे दत्ता, जेवली का तुजी म्हैस? मी बोलायचो, जेवली माँ, आता दूध काढा. दर शुक्रवारी हीच मस्करी, आणि मंग चहा, आणि चहाबरोबर काय ना काय. मला नाय आठवत मी त्या घरातनं कधी रिकाम्या तोंडाने आलो.

दोन हजार साल संपत आलेलं. पाऊस जावन दीड-दोन महिने झालेले, बाहेरचे लोक सुट्टीवर यायला लागले. मोहल्ल्यातलाच एकजण आला, त्याची गाडी अशीच शेडीत उभी असायची, तो बोलला पुढनं कायतरी घासल्याचा आवाज येतो. मी चाक काढलं, ब्रेकचा पॅड बाहेर घेतला. आता तुमाला सांगतो, पॅड म्हणजे काय, एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला मसाल्याचा जाड थर, तो थर चाकातल्या चकतीला दाबतो म्हणून गाडी थांबते. थर झिजून पातळ झाला की पॅड बदलायचा, एवढंच आमी शिकलो होतो. हा थर झिजलाच नव्हता, नव्यासारखा जाड. मी बोटाने दाबला नुसता, तर आख्खा थर पट्टीवरनं सुटला आणि माज्या हातात आला. ओल लागलेल्या भिंतीचा गिलावा सुटतो तसा. खाली लोखंड गंजलेलं, लाल पापुद्रे. खाडीचं खारं वारं आणि अकरा महिने एका जागी उभी गाडी, गंज आतनं चढला होता आणि वरनं सगळं ठाकठीक. मंग वर खिळ्यांकडं बघितलं, चाव्यांकडं.

त्याच आठवड्यात रशीदभाय आला. माँच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलेलं, मंगळवारी निघायचं, आंबा घाटातनं. मी सोमवारी सक्काळीच रत्नागिरीत गेलो, स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदार शहाणा माणूस, त्याने पयलं विचारलंन, गाडी कुठं जाणार? मी बोललो घाटात. मंग त्याने दोन खोके पुढ्यात ठेवलेन. एक बोलला नरम, पटकन धरतो, आवाज करत नाय, शहरात फिरणाऱ्यांना आवडतो, पण उतारावर सारखा ब्रेक लागून तापला की ढिला पडतो. दुसरा कडक, सक्काळी थंड असताना चिरकतो, गिऱ्हाईक तक्रार घेवन येतं, पण कितीपण तापू दे, सोडत नाय. मी नखाने दोन्ही ओरबाडून बघितले, वास घेतला, पट्टीची कड उजेडात धरून बघितली, थर कुठनं सुटलेला हाय का. कडक घेतला. दोन्ही पुढच्या चाकांचा सेट. एवढ्या निवडीने मी माज्या पोरीला स्थळ पण बघितलं नसेल.

दुपारी शेडीत गेलो. रशीदभायच्या त्या शेडीला एका बाजूने घराची चिऱ्यांची भिंत, आणि दुसरी बाजू खाडीकडं उघडी, तिथं माडाच्या झापा बांधलेल्या आडोशाला. मी गाडी जॅकवर घेतली, भिंतीकडचं चाक, म्हणजे डावं, काढलं. पॅड बाहेर काढला, पान्याने ठोकला, पिळून बघितला. पक्का. गंज नाय, काय नाय. रशीदभाय वाकून बघत होता, हसला, बोलला, अरे दत्ता, गाडी चाललीय किती, हे तर कोरे हायत. मी बोललो, कोरे दिसतात पण बदलूया. त्याने खोका उघडलान, बोलला, चिरकणारे आणलेस? दुकानदाराने गंडवलान तुला, कुवेतमधे वाळवंटात गाड्या चालतात, पॅड झिजल्याबिगर कोण बदलत नाय, जा परत देवन ये. तेवढ्यात अंगणात पाव्हणे आले, माँला भेटायला, त्यांच्यासमोर बोलला, आमचा दत्ता चांगल्या गाडीला पण औषध पाजतो. सगळे हसले. मस्करीच होती ती, आता कळतं, पण तेव्हा मला झोंबली.

मी गप्प झालो. डावा पॅड होता तसा परत बसवला. उजवं चाक, खाडीकडचं, बाकी होतं. त्या बाजूला झापांमुळं जागा अरुंद, गाडी बाहेर काढल्याशिवाय जॅक लागत नाय. मी तिथं उभा राहिलो, जॅक हातात, आणि मनात बोललो, तुला एवढं कळतं तर तूच बघ. हेच शब्द. पाना पिशवीत टाकला.

निघताना माँ दारात आली. बोलली, दत्ता, गाडी बरी हाय ना रे? बरी हाय माँ. ती बोलली, दोन्ही बाजूंनी बघितलास ना? रशीद घाईत असतो, मी तुज्या भरवशावर बसणार. मी बोललो, बघितलं, दोन्ही बघितली. तिने चाचपडत माज्या डोक्यावर हात ठेवलान, बोलली, अल्ला तुला बरकत देवो. आणि मी तो हात तसाच घेतला डोक्यावर.

मंगळवारी ते गेले. बुधवारी ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला. मला चैन नव्हती, पण स्वतःला सांगत होतो, डावा पक्का हाय म्हणजे उजवा पण पक्काच, दोघे एकाच दिवशी बसलेत. शुक्रवार आला, पाय सवयीने खाली गेले. त्या शेडीत गाडी नाय, नुसती जमीन. आणि काय सांगू तुमाला, ती जमीन माज्याशी बोलली. भिंतीकडच्या चाकाची जागा कोरडी, सफेद. खाडीकडच्या चाकाच्या जागेवर लाल ओघळ, गंजाचं पाणी गळून गळून सुकलेलं. मी झाप उचलली तर मागनं ती कुजलेली, चाकाच्या उंचीला हात जाईल एवढं भोक. तीन पावसाळे खाडीचं पाणी वाऱ्याबरोबर त्याच एका चाकावर येत होतं, आणि मी दर शुक्रवारी तीन हातांवर उभा राहून इंजिनाचा आवाज आयकत होतो.

रशीदभायची बायको, सकिनाभाभी, पडवीत तांदूळ निवडत होती. मी विचारलं, कधी येतायत? बोलली, नऊला निघाले मिरजेहून, जेवायला येतील, तू पण थांब, माँची पट्टी काढलीय, तुजं तोंड बघायचं बोलतेय. तिला काय सांगणार? मिळेल ती एष्टी पकडून हातखंब्याच्या तिठ्यावर गेलो, पुढं घाटाकडं जायला काय मिळेना, म्हणून तिथंच रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. रस्त्यावरच्या गाडीला निरोप द्यायची काय सोय नव्हती तेव्हा. एक वाजला, दोन वाजले. पांढरी गाडी दिसली की मी रस्त्यात धावायचो, लोक शिव्या द्यायचे. आधी मी देवाला बोलत होतो, त्यांना आज मिरजेलाच ठेव. मंग बोललो, निघाले असतील तर गाडी घाटाच्या वरतीच बंद पडू दे. मंग नुसताच रस्ता बघत राहिलो. चारच्या सुमाराला घाटाखालच्या साखरप्याकडनं ओळखीचा जीपवाला आला, मला बघून गाडी थांबवलीन, आणि त्याचं तोंड बघूनच मी खाली बसलो.

घाट उतरताना वळणावर रशीदभायने ब्रेक मारलान आणि गाडी डावीकडे ओढली, डोंगराच्या कातळावर. माँ पुढं डावीकडेच बसलेली. साखरप्याला पोचेपर्यंत गेली. रशीदभायचा पाय तीन ठिकाणी मोडला. डावीकडे ओढली म्हणजे काय, ते तिथं कोणाला कळलं नाय, मला कळलं. डाव्याने धरलं, उजव्याने सोडलं. पंचनाम्यात लिहिलं, चालकाचा ताबा सुटला. चार दिवसांनी मी चौकीच्या आवारात जावन त्या मोडक्या गाडीचं उजवं चाक उघडलं. पट्टी होती, लाल. थर नव्हता.

पण खरं सांगायचंय ते पुढंच हाय. मी दवाखान्यात गेलो, मनात ठरवून की पाय धरायचे. खाटेभोवती आख्खा मोहल्ला. मला बघितलान आणि रशीदभाय रडायला लागला, सगळ्यांसमोर बोलला, ह्या माणसाने दोन्ही चाकं उघडून बघितली, तरी बोलत होता बदल, बदल, नवीन आणून हातात दिले ह्याने, मीच मस्करी केली, मी माज्या आईला मारली. आणि लोकांनी माज्या खांद्यावर हात ठेवले. माज्या! मी तोंड उघडलं, आणि गप्प झालो. ह्या वेळी रागाने नाय, भीतीने.

तेव्हापासून मोहल्ल्यात दत्ताचा शब्द म्हणजे शब्द. दत्ता बोलला बदला की बदला. गॅरेज वाढलं, आता पक्कं बांधकाम हाय. मी कुठल्या गाडीची चारी चाकं उघडल्याबिगर चावी देत नाय, लोक बोलतात काय हा माणूस, केवढी काळजी. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सात-आठ वर्षं झाली. रशीदभाय गेल्या वर्षी कायमचा परत आला, लंगडतो, पडवीत बसून असतो. शुक्रवारी मी जातो, चहा होतो, आणि चहा संपता संपता तो दर वेळी तेच बोलतो, दत्ता, माज्या हातनं झालं रे. आणि मी बोलतो, अल्लाची मर्जी. दर शुक्रवारी. त्याच्या पोरांना तो सांगतो, दत्ताचाचाचं आयकत जा, मी आयकलं नाय. ईदला पयला डबा माज्या घरी येतो, माजी पोरं तो खातात, मी हात लावत नाय.

तुमी हे छापणार बोलता. छापा. रशीदभाय मराठी वाचतो, पेपर, पुस्तकं, मिळेल ते, दुसरं काय काम हाय त्याला. नावं बदललात तरी वळखेल. पण असलं माणसाला छापलेलं वाचून कळू नये, तोंडाने सांगायला पायजे. उद्या शुक्रवार. उद्या जातो आणि सांगतो. तुमी तेवढा एक दिवस थांबा.

आणि मी नाय गेलो, तरी छापा.