खांबाजवळची बाई

कर्जतच्या एस्टी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर भिवपुरीच्या पावर हाऊसात नोकरीला असलेला एक जण बायकोसोबत बसला होता. स्टुडिओतून आणलेले वेरूळच्या सहलीचे फोटो दोघं बघत होती.

"अवो, ही बाई कोण?"

"खांबाजवळची? सखाची मेव्हणी."

"या फोटोतबी तीच."

"अगं, शेजारी माणूस उभं असलं म्हंजे खांब केवढा उंच हाय ते कळतं."

"मग सखाला उभं करायचं."

"तो सामान सांभाळत व्हता."

"हितं हत्तीजवळ हसतीय. हत्तीबी मोजायचा व्हता?"

"इंदू, हळू बोल. लोक ऐकतात."

"ऐकू देत. कॅमेरा घेतला तवा म्हणलात, घडी घातली की खिशात मावतो, कुठंबी नेता येतो. मीच तेवढी कुठं मावत नाय."

"सहल पावर हाऊसवाल्यांची व्हती गं."

"सखाची मेव्हणी पावर हाऊसात कामाला हाय?"

फोटो पाकिटात सरकवल्याचा आवाज आला.

"कॅमेरा संगं हाय. उभी ऱ्हा, तुझाबी काढतो. बाराच्या रोलात एक शिल्लक हाय."

"बाकीचे अकरा कुणाचे?"

"घाटाचे. ठाकुरवाडीकडचे."

बांगड्या वाजल्या. ती उठली असावी. मग बाक पुन्हा करकरला.

"उरलेला नको मला. त्योबी डोंगराचाच काढा. नवा रोल घालाल, त्यातला पयला माझा."

"बरं. मागं काय घेऊ? देऊळ, का धबधबा?"

"मागं काय नको. नुसती मी."