रस्त्याकडे तोंड असलेली सयपाकखोली

सन्माननीय अध्यक्ष गुणवंतराव, व्यासपीठावर विराजमान महिला मंडळाच्या आशाबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आर्किटेक्ट दिव्यानी मॅडम आणि आरमोरीकर बंधू-भगिनींनो! पहिल्या रांगेत आमचे यजमान बापूराव बसले आहेत. त्यांनाही नमस्कार करते. भाषण त्यांच्याबद्दल आहे, हे त्यांना अजून माहीत नाही.

मॅडमचं ऑफिस पिठाच्या चक्कीवर. त्यामुळे त्यांचा प्रत्येक नकाशा आधी झटकावा लागतो. पण नकाशा काढायच्या आधी त्या काय करतात, ठाऊक आहे? घरी येऊन दिवसभर नुसत्या बसतात. नव्याण्णव साली आमचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा आमच्याकडेही बसल्या. ह्यांनी नागपूरच्या कुण्या बंगल्याचा फोटो पुढं केला. गोल खांब, वर गॅलरी! मॅडमनं विचारलं, "दिवसा घरी कोण असतं?"

हे म्हणाले, "कोनीच नाई."

मी तेव्हा आत त्यांचाच चहा करत होते.

मॅडम कप घेऊन थेट मागच्या अंधाऱ्या सयपाकखोलीत आल्या, धुरात डोळे पुसत बसल्या. "काकू, तुम्हाला काय पाहिजे?" मंडळी, लग्न झाल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला होता? मी म्हटलं, "मले रस्ता दिसला पाह्यजे."

मॅडमनं सयपाकखोली पुढं घेतली, रस्त्याकडे खिडकी. नकाशा ह्यांना नीट समजावूनही सांगितला. पण ह्यांचं सारं लक्ष खांबांवर.

पाया खोदला, तेव्हा लटारू मिस्त्री सहज बोलून गेले, "भाऊ, हा सयपाकखोलीचा."

झालं! "रस्त्यावर चूल? लोकं काय म्हनतील?" असं ओरडून हे पायाच्या खड्ड्यात उतरले आणि मांडी घालून बसले. "टाका आता गोटे माह्या अंगावर!"

मला रडू आलं. वाटलं, गेली खिडकी. मॅडम मात्र भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, छत्री द्या त्यांना. ऊन लागेल."

आता माणूस छत्री घेऊन खड्ड्यात बसला, तर आरमोरीत कोण सरळ पुढं जाईल? मासळी विकून परतणारी चंदाबाई थांबली, पोरीच्या सोयरिकीचं सारं सांगून गेली. इस्तारीभाऊ सायकलवरून उतरले. कोणी पान दिलं, कोणी ज्योतिष्याला दाखवा म्हटलं. दुपारपर्यंत ह्यांचा राग कुठल्या कुठं गेला. मी जेवण घेऊन गेले, तर हेच सांगतात, "आयकलं का वो? इस्तारीची म्हैस व्याली! चंदाबाईची पोरगी वडसाले देऊन राह्यले!"

मी म्हटलं, "तुमी एक दिवस बसले, तं गाव भेटून गेलं तुमाले. मले त्या मागच्या खोलीत काय आयकू येते?"

ह्यांनी भाकरीचा घास ताटात ठेवला. मग खड्ड्यातूनच हाक मारली, "मॅडम, ते खिडकी आनखी थोडी रुंद नाई होत का?"

झाली! टाळ्या वाजवा, पण जपून. कारण आता त्या रुंद खिडकीत दिवसभर हेच बसतात. वांगी चिरतात, चौकशा करतात, मला म्हणतात, "जरा सरक, रस्ता दिसत नाई."

... काय? अहो, उभे कशाला राहिलात? खरंच सांगते आहे. तुम्ही बसा.

मॅडम, तुम्ही भामरागडला मुलींचं वसतिगृह बांधायला निघालात. तिथं पावसाळ्यात रस्ते बंद होतात, अडकून पडाल, असं सगळे घाबरवतात. मी म्हणते, बरंच आहे. त्या पोरींजवळ जास्त दिवस बसाल. आमची चक्की मात्र आता नुसतंच पीठ पाडील.

तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याची सवय नाही. चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या. बापूरावांबद्दल बोलले त्यात मात्र चूक काही नाही, त्याची माफी मागत नाही. नमस्कार.